फौलादाबादचे पन्नास हजार

मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी साडेतीन वाजता, फौलादाबादने बोंडपूरला आठ दिवसांची मुदत दिली. मुदतीत शरण यावे, नाहीतर पन्नास हजार सैनिक सीमा ओलांडतील, असे त्या खलित्यात म्हटले होते. खलिता वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला होता आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटला होता. फौलादाबादचा राष्ट्राध्यक्ष सलीम मारेगावात माझ्याच वर्गात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि कॉलेज सुटले की वणी रोडवरच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर खोलायला बसत असे. बोंडपूरची राष्ट्राध्यक्ष मी होते. त्या दिवशी माझ्याकडे अडुसष्ट सैनिक होते.

या दोन्ही देशांचा, आणि विक्रमनगरी नावाच्या तिसऱ्या देशाचा, कारभार गजूभाऊंच्या इंटरनेट कॅफेतून चालत असे. कॅफेत दोन संगणक होते. त्यातल्या एकावर, कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतला एक खेळ होता. एक देश घ्यायचा, त्याची शेती, खाणी, कर, रस्ते आणि फौज सांभाळायची आणि वर्षे पुढे ढकलत जायचे. सीडी नमुन्याची होती. पन्नासावे वर्ष संपले की पूर्ण खेळ विकत घ्या अशी सूचना पडद्यावर येई आणि खेळ तिथेच थांबे. आम्ही तिघांनी आळीपाळीने बसून तीन देश पन्नासाव्या वर्षापर्यंत आणले होते आणि ते तिथे टाकून द्यायची कोणाचीच तयारी नव्हती. शिवाय भारनियमन होते. भर दुपारी चार-पाच तास वीज नसे, आणि आम्ही मोकळे असायचो तेही त्याच वेळात. शेवटी गजूभाऊंनी लाल कापडी पाठीचे एक लांब रजिस्टर आणले, पडद्यावरचे सगळे आकडे त्यात उतरवून घेतले आणि वर्ष एक्कावन्न कागदावर सुरू केले. "मशीन नाई म्हनते त माणूस चालवन," ते म्हणाले. ते तिशीचे, बी.कॉम. झालेले, शांत गृहस्थ होते. तेव्हापासून ते पंच झाले. संगणक बंद, पंखा बंद, दार अर्धे उघडे आणि बाहेरून राजूरकडचे कोळशाचे ट्रक जात असताना आम्ही तीन देश चालवले. रजिस्टर आता माझ्याकडे आहे. पुढचे आकडे त्यातून घेतले आहेत, बोलणी स्मरणातून.

कॅफेत खेळणाऱ्यांच्या खुर्च्या तीनच होत्या. ज्याचा देश जाईल त्याची खुर्चीही जाईल, हा नियम पहिल्याच दिवशी झाला, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे वाट पाहणाऱ्या चार मुलांची नावे गजूभाऊंनी लिहून ठेवली होती. त्या चौघांत मुलगी नव्हती. घरी मी संगणक शिकायला जाते असे सांगितले होते. ते अगदीच खोटे नव्हते; ज्या दिवशी वीज असे त्या दिवशी मी टायपिंग करत असे. पण खुर्ची गेली असती तर तिथे जायचे कारणही गेले असते, आणि त्या वयात, त्या गावात, दुपारी तीन तास घराबाहेर बसून वाद घालता येईल अशी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती.

संगणकाला सैनिकाचा खर्च ठाऊक होता, पण तो कसा काढला हे तो सांगत नसे. कागदावर आल्यावर अडचण झाली. जो तो मनाला येईल तेवढी फौज जाहीर करू लागला. प्रफुल्लने, म्हणजे विक्रमनगरीने, एका दुपारी ऐंशी हजार सैनिक जाहीर केले आणि कारण विचारले तेव्हा "आकडा भारी वाटते न" असे सांगितले. प्रफुल्ल जवळच्या खेड्यातून सायकलने येई. घरी कापूस आणि तूर होती. त्याच्या देशात मात्र त्याने कापसाचे एक झाडही लावले नव्हते. "घरी हायेच," तो म्हणायचा. "इथं तरी सुखानं जगू द्या." वर्ष एकसष्टच्या सुरुवातीला गजूभाऊंनी फर्मान काढले, की यापुढे फौजेचा खर्च कसा धरला ते लिहून द्यायचे. पहिल्या वर्षी फक्त जेवण. कपडे आणि बंदुका पुढच्या वर्षापासून. कोणाचा हिशेब चुकीचा वाटला तर दुसऱ्याने आक्षेप घ्यायचा. आक्षेप खरा निघाला तर खोटे सैनिक कापायचे. जेवणाचे नाव निघाले तेव्हा मला आनंद झाला, कारण तो विषय आमच्या घरचा होता.

बाबा आचारी होते. मारेगाव आणि भोवतालच्या खेड्यांत लग्न, तेरवी, बारसे, काहीही असले तरी लोक मारोती आचाऱ्याला बोलावत. आमच्या घरात माणसे पाच होती आणि गंज, म्हणजे स्वयंपाकाची मोठी पातेली, बावीस. मोठ्या गंजात माझे दोन धाकटे भाऊ एकाच वेळी लपू शकत. लगीनसराईत पहाटे राखेने गंज घासल्याचा खरखराट ऐकून जाग येई, मग बाबा एकेका गंजावर बोटाच्या पेराने टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. चीर गेलेल्या भांड्याचा आवाज त्यांना लगेच कळे. सराटे, झारे आणि कढया बैलगाडीत किंवा मेटॅडोरमध्ये चढत आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा, हिंगाचा आणि धुराचा वास घेऊन परत येत. सातशे माणसांना बुंदी खाऊ घालून आलेले बाबा घरी आल्यावर ज्वारीची भाकर, झुणका आणि हाताने फोडलेला कांदा मागत. पाटोडीचा रस्सा मायने केला असेल तर दोनदा. गोड त्यांना चालत नसे. "दिवसभर त्याचं तोंड पाह्यतो मी," ते म्हणत.

कापसाचा भाव आमच्या घरी बाजार समितीच्या फळ्यावरून कळत नसे, यादीवरून कळे. लग्नाआधी आठ-दहा दिवस आचाऱ्याने यजमानाच्या घरी जाऊन किराण्याची यादी करून द्यायची पद्धत होती. बाबा सांगत आणि मी लिहीत असे, कारण त्यांचे अक्षर दुकानदाराला लागत नसे. मी सातवीत यादी लिहायला लागले तेव्हा यादीत बुंदी, जिलबी आणि भरड्याचे वडे असायचे. दोन वर्षांनी जिलबी गेली. मग वडे गेले. माझ्या कॉलेजच्या वर्षी बुंदी होती, पण "एकेक डाव" असे तिच्यापुढे लिहावे लागे. आधी यजमान पाहुण्यांचा आकडा वाढवून सांगत. आता कमी करून सांगू लागले. खेळातही मंदी आणायला काही वेगळे करावे लागले नाही. बोंडपूरचे उत्पन्न कापूस आणि ज्वारीवर होते, आणि कापसाचा दर गजूभाऊ वर्तमानपत्रात आलेल्या बाजारभावाने लावत. मी एकदा माझ्या देशात दर वाढवून मागितला. गजूभाऊंच्या आधीच प्रफुल्ल उसळला. "माह्या बापाले नाई भेटून राह्यला, अन् तुह्या देशाले भेटन?" ती मागणी फेटाळल्याची नोंद आहे.

तर जेवणाचा रकाना आला तेव्हा मी बाबांचा दर लावला. त्या हंगामात त्यांच्या यादीप्रमाणे एका पानाला, म्हणजे एका माणसाच्या जेवणाला, अठरा रुपयांचा माल लागत होता. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, पुरी, कढी आणि एकेक डाव बुंदी. माझे जाहीर केलेले सैनिक पन्नास हजार. अठरा गुणिले पन्नास हजार, नऊ लाख. मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद गजूभाऊंना दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. सलीमने तो त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचला.

"कुंदा, तुहे सैनिक किती वेळा जेवतेत व?"

"म्हंजे?"

"म्हंजे सालातून एकदा पान वाढलं का झालं? मंग काय, आहेर घेऊन आपापल्या घरी?"

"बिडा खाते, हात पुसते, अन् परेड खतम," प्रफुल्ल म्हणाला. "जाता जाता विचारत असन, पोरगी कोनाची होती?"

मी लग्नाच्या घरात वाढले होते. जेवण म्हणजे एक पंगत, आणि पंगत उठली की माणसे घरी जातात, यापलीकडे माझा हिशेब गेला नव्हता. गजूभाऊ हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली. "पान अठरा रुपये. दिवसाचे दोन जेवन. तीनशे पासष्ट दिवस. एका सैनिकाले सालाचे तेरा हजार एकशे चाळीस. तू ठेवले नऊ लाख. अडुसष्ट सैनिक बसतेत. सहा हजार चारशे ऐंशी उरले. त्यात जवळपास अर्धा सैनिक येते, पन अर्धा मी लिहत नाई."

आक्षेप मंजूर झाला. एकोणपन्नास हजार नऊशे बत्तीस सैनिक कापले गेले. सलीमने खलिता त्याच बैठकीत लिहिला. देश घ्यायचा संगणकाचा नियम आम्ही कागदावरही ठेवला होता: दर पन्नास नागरिकांमागे एक सैनिक आणावा लागतो. बोंडपूरची लोकसंख्या आठ लाख होती, म्हणजे सोळा हजार सैनिक पुरेसे होते. त्याच्याकडे पन्नास हजार होते. त्याच्या जेवणाचा कागद मी दोनदा तपासला. ज्वारीची भाकर, चटणी, कांदा, दिवसातून दोनदा, तीनशे पासष्ट दिवस. गुणाकार बरोबर होता. कोळसा विकून आलेला पैसा त्या खर्चाला पुरत होता. सैनिक भाड्याने बाहेरून आणले आहेत, कारण आपली माणसे खाणीत आहेत, असाही खुलासा त्याने केला होता.

"शरन ये न," जाताना त्याने सांगितले. "तुले मी कृषिमंत्री करतो."

"खुर्ची?"

"मंत्र्यायले खुर्ची नसते. उभं राहा लागते."

त्या रविवारी बाबांबरोबर काळी-पिवळी जीपने एका खेड्यात यादीला गेले. यजमान शेषरावजी नावाचे, पाच एकरांचे गृहस्थ होते. मुलीचे लग्न बारा दिवसांवर होते. चहा झाला, मी वही उघडली.

"चारशे पान लिही बाई," शेषरावजी म्हणाले.

बाबांनी मला थांबवले. "पत्रावळी आनल्या काय?"

"आनल्या न."

"किती?"

"असतीन तिथं."

बाबा उठले आणि न विचारता आतल्या खोलीत गेले. मोजत असल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. ते परत येऊन खाली बसले. "शंभराचे सात गठ्ठे हायेत, शेषरावजी."

"उरल्या त उरल्या. पोराच्या लग्नात कामी येतीन."

"पोरगा केवढा हाये?"

शेषरावजींनी अंगणाकडे पाहिले. "चौथीत हाये."

"लिही कुंदे," बाबा म्हणाले, "सातशे."

परत येताना जीपमध्ये मी त्यांना विचारले, की चारशे नाहीत हे कसे कळले. ते म्हणाले, "मानूस तोंडानं सांगते ते त्याच्या मनात असते. घरात आनते ते पाहाव. माह्या धंद्यात आकडा इचारत नाई, माल पाह्यतो." हे त्यांनी सहज सांगितले आणि शेजारच्या माणसाशी वांग्यांच्या भावावर बोलू लागले. पुढे वीस-बावीस वर्षे मी वर्तमानपत्रात काम केले. सभेला किती लोक होते याचे तीन आकडे तीन ठिकाणांहून येत तेव्हा मी वार्ताहराला पाण्याचे टँकर किती होते ते विचारत असे. ते कोणाकडून शिकले हे डेस्कवर कोणी विचारले नाही.

सोमवारी मी कॅफेत जाऊन रजिस्टरची मागची पाने पाहिली. फौज प्रत्येकाने जाहीर करायची, पण देशादेशांतला व्यवहार, दोघांनी ठरवलेल्या दरासह, गजूभाऊ स्वतः लिहीत, आणि ती पाने सगळ्यांना खुली होती. सलीमने चोपन्नाव्या वर्षी आपली सगळी शेती मोडून तिथे खाणी काढल्या होत्या. रोज राजूरचे ट्रक पाहून त्याने ते ठरवले होते, आणि पैशाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. तेव्हापासून फौलादाबादचा दाणा माझ्याकडून जाई. वर्ष एकसष्टचा व्यवहार मुदतीच्या आधीच झालेला होता: ज्वारी, चार लाख साठ हजार क्विंटल. विक्रमनगरीकडून त्याने तूरडाळ आणि मिरची घेतली होती, धान्य नाही. फौलादाबादची लोकसंख्या तीन लाख. आता एवढेच कळायला हवे होते, की माणसाला वर्षाला किती दाणा लागतो.

बाबांना विचारले. ते म्हणाले, "रोजच्या जेवनाचं मले नको इचारू. मी लग्नाचा मानूस. मायले पुस."

माय अंगणात होती. वर्षाचे धान्य भरायचे ते दिवस होते. तिने चादरीवर ज्वारी वाळत घातली होती आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला चुरून तिच्यात मिसळत होती. बाबा शेकडो माणसांचा अंदाज सांगत, पण घरात किती पोती भरायची हे त्यांना कधी ठाऊक नसे. ते मायचे खाते होते.

"माय, एका मानसाले सालाचा किती दाना लागते?"

"कोन येऊन राह्यलं व?"

"कोनी नाई. फौजेचा हिशेब हाये."

"कोनत्या फौजेचा?"

"संगनकातल्या."

"संगनक ज्वारी खाते?" तिने पाला चुरणे थांबवले नाही. "आपल्याले साडेसात पोते लागते. तुह्या बाबाले दोन. मले-तुले दीड-दीड. पोट्टेहीले सव्वा-सव्वा. बसून असो का निजून, तेवढं जातेच."

एक पोते म्हणजे एक क्विंटल. पाच माणसे, साडेसात. लहानथोर धरून माणशी दीड. तीन लाख नागरिकांना साडेचार लाख क्विंटल. सलीमने घेतले चार लाख साठ हजार. उरले दहा हजार क्विंटल. पन्नास हजार सैनिकांना, बाबांना लागतात तसे माणशी दोन क्विंटल धरले, तर एक लाख क्विंटल लागले असते. दहा हजारांत पाच हजार सैनिक जेवतात. मी हे गणित अंगणात, यादीच्या वहीवर, तीन वेळा केले. मायने ज्वारी परतत विचारले, "जमलं काय?" मी हो म्हटले. "मंग हे पोतं धर," ती म्हणाली.

मुदतीचा गुरुवार आला. वीज नव्हती. गजूभाऊ सीडीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. सलीम वर्कशॉपमधून थेट आला होता. त्याने कोपरापर्यंत हात धुतले होते आणि त्यापुढे धुतले नव्हते. कॅलेंडरच्या मागच्या यादीतला पहिला मुलगा दाराशी येऊन उभा होता. माझी खुर्ची रिकामी होणार हे त्याला कोणीतरी सांगितले होते.

"बोला, बोंडपूर," गजूभाऊ म्हणाले. "शरन का लढाई?"

"आक्षेप," मी म्हणाले.

"मुदतीच्या दिवशी आक्षेप खोटा निघाला त मुदत तिथंच संपते. देश गेला. मंजूर?"

मी हो म्हटले आणि कागद वाचला. दोन मिनिटे लागली असतील. प्रफुल्ल मध्येच बोटांवर मोजू लागला. सलीम शांतपणे ऐकत होता. माझे संपल्यावर तो म्हणाला, "मागच्या सालाचा साठा होता."

गजूभाऊंनी पाने उलटली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. तिन्ही वर्षी त्याने साडेचार लाखांहूनही कमी ज्वारी घेतली होती. "साठा कुठून आला? तुह्या नागरिकायचाच दाना पुरला नाई."

"माहे सैनिक कमी खातेत. अर्धपोटी लढतेत."

"मंग ते कुंदाच्या देशात कायले जातीन?" प्रफुल्ल म्हणाला. "आधी तुह्याच घरी येतीन, भाकर मागाले."

सलीमने आता खरा मुद्दा काढला. "माणशी दीड, सैनिकाले दोन, हे सांगितलं कोनं? तिच्या मायनं. तिची माय तिच्याच बाजूनं बोलन. एका घराच्या पोत्यावरून देशाचा हिशेब होते काय?" तो मुद्दा बरोबर होता. गजूभाऊ विचारात पडले. त्यांनी रजिस्टर मिटले, पेन्सिल कानावर ठेवली आणि उठले.

"चाला," ते म्हणाले. "सलीमच्या घरी."

सलीमचे घर वर्कशॉपच्या मागे होते. आम्ही चौघे, आणि मागे तो वाट पाहणारा मुलगा, असे रस्त्याने गेलो. "तू तोंड उघडलं त आक्षेप मंजूर," गजूभाऊंनी सलीमला वाटेत बजावले. त्याची अम्मी ओसरीवर सूप घेऊन गहू पाखडत होती. घरात ते लोक आपसांत हिंदी बोलत; आमच्याशी ती आमच्यासारखीच बोले. बाजूला शिवलेली पोती एकावर एक रचलेली होती.

"ये गजू, बस. काय झालं? यानं काही तोडलं काय?"

"नाई भाभी. एक इचाराचं होतं. तुमच्या घरी सालाचा दाना किती लागते?"

सलीमने तिच्या मागे जाऊन हाताने काहीतरी खूण केली. ती कमी दाखवायची होती की जास्त, हे त्यालाही ठरवता आले नसावे, कारण हात मध्येच थांबला. अम्मीने वळून पाहिले. "काय रे, हात कायले हालवते? माशी हाये काय?" मग ती गजूभाऊंकडे वळली. "ज्वारी-गहू मिळून साडेदहा पोते. आमी सात जनं. कोनी आजारी पडलं त आर्धं उरते."

सात माणसे, साडेदहा. गजूभाऊंनी कानावरची पेन्सिल काढली. "माणशी दीड," ते हळू म्हणाले. "अन् भाभी, मेहनतीच्या मानसाले? रोज काम करनाऱ्याले?"

"वर्कशॉपात तीन गडी हायेत, इथंच राह्यते, इथंच खाते. त्याहीचं मी वेगळं भरते. तिघायले सात पोते." तिने सूप खाली ठेवले. "दोनात नाई भागत बाप्पा. घन मारनारा मानूस हाये, भाकर मोजून देता येते काय? काहून, कोनी काही बोललं काय?"

"नाई, नाई. कोनी सैनिक ठेवले असते भाभी, लढाईवाले, पन्नास हजार..."

"पन्नास हजार?" अम्मी हसली. "माहे तीन गडी अन् एक हा. या एकाचंच पुरत नाई मले. खाते दोघाचं, काम करते आर्ध्याचं."

प्रफुल्ल ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. सलीम पोत्यांकडे पाहत उभा होता. गजूभाऊंनी तिथेच, ओसरीच्या काठावर रजिस्टर ठेवून भागाकार केला. सैनिकाला दोन नव्हे, सात भागिले तीन, म्हणजे सव्वादोनच्या वर. दहा हजार क्विंटलमध्ये चार हजार दोनशे पंच्याऐंशी सैनिक. माझ्या मायच्या हिशेबापेक्षा सातशे पंधरा कमी. सलीमला आता बोलायची परवानगी होती. तो म्हणाला, "अम्मी, तुले कोनी इचारलं होतं तीन गड्याहीचं?" तिला काय झाले ते समजले नाही. तिने आम्हा सगळ्यांना, दाराशी उभ्या असलेल्या मुलालाही, गूळ आणि शेंगदाणे दिले. तो मुलगा ते खिशात भरून निघून गेला.

कॅफेत परत आलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती आणि वीज आली होती. कोणी संगणक सुरू केला नाही. गजूभाऊंनी निकाल लिहिला: आक्षेप मंजूर, फौलादाबादची फौज चार हजार दोनशे पंच्याऐंशी, बोंडपूर घ्यायला लागणारी सोळा हजार, मुदत रद्द. विक्रमनगरीवर आक्षेप आलेला नव्हता. तरीही प्रफुल्लने रजिस्टर ओढून घेतले, घरी माणसे किती आणि पोती किती हे बोटांवर मोजले आणि ऐंशी हजारांवर काट मारून तिथे अकराशे लिहिले. "मायले इचाराच्या आधीच करून टाकतो," तो म्हणाला.

आमचा खेळ त्यानंतर दीड वर्ष चालला. त्या काळात तिन्ही देशांत मिळून सात हजारांच्या वर फौज कधी गेली नाही, आणि पुढच्या वर्षापासून लागू झालेला कपड्यांचा आणि बंदुकांचा रकाना बराच काळ रिकामा राहिला, कारण जेवणावरच वाद संपत नसत. बाहेरगावचे लोक तेव्हा कापसाच्या शेतकऱ्यांच्या बातम्यांसाठी आमच्या जिल्ह्यात कॅमेरे घेऊन येत असत आणि कॅफेत फोटो पाठवायला बसत. त्यातल्या एकाने आमचे रजिस्टर चाळून हा कोणत्या सहकारी संस्थेचा हिशेब आहे असे विचारले होते. गजूभाऊंनी त्याला तीन देशांचा म्हणून सांगितले. त्याने मान डोलावली.

वर्ष बासष्टच्या पानावर पहिला व्यवहार फौलादाबादचा आहे. ज्वारी, चार लाख बासष्ट हजार क्विंटल. विकणारा देश, बोंडपूर. दराच्या रकान्यात आदल्या वर्षीचा आकडा खोडून त्याच्या दुप्पट आकडा लिहिला आहे. खाडाखोडीवर दोन सह्या आहेत, एक सलीमची आणि एक माझी.